दामूच्या ऑफिसचं दार

मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी दौंडच्या एस.टी.चा कंडक्टर येऊन उभा राहिला. "गुरुजी, वाईट बातमी हाय. आपलं वकीलसाहेब गेलं. पहाटं, दौंडला, घरीच." पुढं तो छातीत कळ आल्याचं काहीतरी सांगत होता, पण मला ऐकू येईना. डोक्यात एकच... आता कुणाशी बोलणार? दोन वर्षं रोज उद्यावर ढकललं होतं मी. आज महिना होऊन गेला, तेव्हा कुठं हे लिहायला हात धजावतोय.

दामू आणि मी दौंडच्या शाळेत एका बाकावर. त्याचे वडील रेल्वेत गँगमन, घर बौद्धवाड्यात. तो वकील झाला, मी घोडनदीला, म्हणजे शिरूरलाच, ड्रॉइंगमास्तर. बाहत्तरचा दुष्काळ सरला त्या सुमारास त्यानं शिरूरच्या कोर्टात काम सुरू केलं. दौंडहून रोज एस.टी.नं यायचा, पण ऑफिसला जागा मिळेना. खोली पसंत पडायची, मग मालक विचारायचा, "तुमची आळी कुठली?" आणि दुसऱ्या दिवशी खोली भाच्याला दिलेली असायची. एवढे भाचे गावात कुठून उगवले होते, देव जाणे! वर्षभर दामूनं कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून काढलं. वर हसून म्हणायचा, "मास्तर, माझ्या ऑफिसला भिंतीच न्हाईत, मग भाडं कशाचं?"

शेवटी माझ्या ओळखीच्या आप्पांनी त्यांच्या जुन्या घरातली खालची खोली द्यायचं कबूल केलं. वरती त्यांचं बिऱ्हाड. खोली म्हणजे बंद पडलेलं स्वयंपाकघर... काजळी धरलेलं छत, कोपऱ्यात चुलीचा ओटा, एक दार रस्त्याकडच्या ओसरीवर उघडणारं आणि एक खिडकी बोळात. दामू म्हणाला, "तू चित्रं काढतोस ना? मग आता ऑफिस काढ." मी आठ दिवस टेप घेऊन नाचलो. ओटा फोडला, चुना मारला, प्लायवूडचं पार्टिशन उभं केलं. दामूचा हट्ट एकच, पक्षकाराची खुर्ची त्याच्या खुर्चीएवढीच उंच हवी. सुतार म्हणाला, "अवो साहेब, वकील वाईच उंच दिसाय पायजे." दामू म्हणाला, "आमची माणसं लई वर्षं खाली बसली, मिस्त्री. आता न्हाई."

काम अर्ध्यावर असताना आप्पांनी मला बाजूला घेतलं. "वकील तुमचं दोस्त, त्यांचं काय न्हाई. पण त्यांच्याकडं येणारी माणसं... ओसरीवर आमचं प्यायच्या पाण्याचं रांजण असत्यात. घरातल्या बायांना बरं वाटत न्हाई. तेवढं बघा, न्हाईतर जागा द्यायला जमायचं न्हाई." मला तिथंच तोंडावर सुनावता आलं असतं. पण ते लिंबाखालचं टेबल डोळ्यांसमोर आलं आणि मी शेण खाल्लं. ओसरीच्या दाराला आतून भलंमोठं पुस्तकांचं कपाट लावलं. बोळातली खिडकी फोडून तिथं दार केलं आणि समोरच्या गटारावर शहाबादी फरशी टाकली. दामूला म्हणालो, "उजेड बोळाकडूनच चांगला येतो रे." त्यानं माझा नकाशा बघितला, "झकास!" म्हणाला आणि पाठीत एक धपाटा घातला. तो धपाटा अजून दुखतो.

पुढं एका पावसाळ्यात न्हावरे गावाहून कामासाठी आलेली एक म्हातारी त्या फरशीवरून घसरून गटारात पडली. मी तिथंच होतो. दामूनं तिला उचलून आणलं आणि घाणीनं माखलेली तशीच आपल्या खुर्चीत बसवलं. ती उलट त्यालाच समजावत होती, "असूं दे लेकरा, आमाला मागनंच यायची सवय हाय." दामूचा चेहरा बघवेना. त्यानं मला विचारलं, "मास्तर, कपाट तिथं का ठेवलंस?"

"उजेडासाठी," मी म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं!

त्यानं एकेक पुस्तक काढून जमिनीवर ठेवलं, एकट्यानं कपाट रेटलं आणि दार उघडलं. मी खांबासारखा उभा. ओसरीवर आप्पा होते. "वकीलसाहेब, हे काय? दार बंद ठेवायचं मास्तरांशी ठरलंय आपलं." दामूनं आप्पांकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. मग म्हातारीचा हात धरून तो तिला ओसरीवरून, रांजणांच्या शेजारून, रस्त्यापर्यंत सोडून आला. आप्पांना एवढंच म्हणाला, "जागा खाली करून पायजे असंल तर कोर्टात या. मी रोज तिथंच असतो." आप्पा काही गेले नाहीत. त्या दिवसापासून दार उघडं राहिलं.

माझ्याशी तो भांडला नाही. भांडला असता तर किती बरं झालं असतं! चहा पाजायचा, मुलांची चौकशी करायचा, पण पहिल्यासारखी चेष्टा पुन्हा कधी केली नाही. मी दर आठवड्याला ठरवून जायचो. "मी भ्यालो होतो रे, चुकलो," एवढंच तर म्हणायचं होतं. पण समोर बसलं की मी पाऊसपाण्याच्या गप्पा मारून परत यायचो.

परवा सुमनवहिनी, दामूची बायको, ऑफिस आवरायला आल्या म्हणून भेटायला गेलो. ओसरीचं दार सताड उघडं होतं, पण माझे पाय बोळाकडे वळले. पुढून जायचं तोंडच नव्हतं मला. फरशीवर पाऊल टाकतोय तोच आतून वहिनी म्हणाल्या, "अवं भावजी, गटारावरनं कशापायी? पुढनं या की. ह्यांनी सांगून ठेवलं हुतं, कुनीबी आलं तरी पुढनंच घ्यायचं."

मी वळसा घालून पुढं आलो. उंबऱ्यातच थांबलो आणि रिकाम्या खोलीकडे बघत मोठ्यानं म्हणालो, "दामू, चुकलो रे."

वहिनींना काहीच ठाऊक नव्हतं. हातातली पुस्तकं खाली ठेवून त्या म्हणाल्या, "या, आत या."