माझ्या गालावरचा वांग

गालांवर वांग आला की बाईला दिवस गेलेत, असा आमच्या गावात ठाम समज. माझ्या गालांवर वांग उमटला तेव्हा नवरा पलटणीत होता. लढाईसाठी समुद्रापलीकडं गेलेला, दोन दिवाळ्या घरी फिरकला नव्हता. आता तुम्हीच करा विचार.

कृष्णाकाठी आमचा ऊस होता. सासऱ्यांचा पाय अधू, गडी मिळेना. मग दारं मीच धरायची. म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं. हे पुरुषाचं काम. खोरं मारताना पदर मागं घसरायचा आणि चैत्राचं ऊन थेट तोंडावर. सासूबाईंनी जायफळ दुधात उगाळून लावलं. गार वाटलं, पण डाग काही हलला नाही. मग एका शहाणीनं लिंबू चोळायला सांगितलं. ते चोळून उन्हात गेले आणि चेहऱ्याची नुसती आग आग झाली. डाग होता त्याहून काळा पडला.

नागपंचमीला माहेरी सांगलीला गेले, तेव्हा भावानं डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी भिंगातून गाल पाहिले.

"बाई, हा उन्हाचा प्रताप आहे. ऊन सोसायला कातडी काळी होते. लिंबू बंद करा. पदर पुढं ओढून घ्या, दुपारी सावलीत बसा. हळूहळू फिका होईल. सगळा जाईलच असं नाही."

"आणि उसाला पाणी कोण पाजणार?" मी विचारलं. डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

मी डॉक्टरकडं जाऊन आले ही बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. वांग आणि वर डॉक्टर! परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी चुलत सासूबाई पदराखाली खण, नारळ, तांदूळ घेऊन दारात हजर. म्हणे चोरओटी भरते. पहिल्या काही महिन्यांत पोटुशीची ओटी गुपचूप भरतात, ती. बरोबर मात्र चार बायका आणलेल्या. गुपचूप म्हणे!

एकदा ही ओटी पदरात पडली की मला सासरचं दार बंद, हे मला कळत होतं. सासूबाई चुलीपाशी उभ्या होत्या, तोंडातून शब्द नाही. त्यांचं ते गप्प राहणं मला सगळ्यात जास्त लागलं. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"आवं आत्याबाई, गालाचा वांग पोटामुळं व्हय? मग ह्यो कशामुळं?" मी हातातल्या बांगड्या वर सारल्या. बांगड्यांखालचा पट्टा गोरा, बाकी सगळा हात डागाळलेला. "हाताला बी दिवस जात्यात?"

एक बाई फिसकन हसली. चुलत सासूबाई गडबडल्या. "लोक बोलत्यात बाई. मी न्हाई."

"मग लोकास्नी उद्या दुपारी उसात धाडा. खोरं मी देते."

तेवढ्यात सासूबाई पुढं आल्या. त्यांनी आपला हात माझ्या हाताशेजारी धरला. त्यावरही तसेच डाग होते. ते मी रोज बघायचे आणि वयाचे समजायचे.

"धनी मागल्या लढाईत समुद्रापल्याड बसऱ्याला गेलं हुतं, तवा दारं मी धरली," त्या आपल्या चुलत जावेला म्हणाल्या. "तवा बी अशीच ओटी घिऊन एक आली हुती. तुझीच सासू. मी गप बसले, आन् वरीसभर माझ्या हातचं पाणी कुणी प्यालं न्हाई."

त्यांनी तिच्या हातातला नारळ काढून घेतला आणि तिच्याच पदरात टाकला.

"न्हे परत. माझी सून गप बसायची न्हाई. आन् आता मी बी न्हाई."