राखाडी कोशिंब

आमच्या शेजाऱ्यांइतकी झाडं अख्ख्या जिल्ह्यात कुणी ओळखली नसतील, आणि त्यांतलं एखादं रस्त्यात भेटलं तर ते ओळखही दाखवणार नाहीत. वनखात्यात त्यांचं काम विमानातून काढलेले जंगलाचे फोटो वाचण्याचं. स्वतः विमानात कधी बसले नव्हते. दोन भिंगांच्या यंत्राखाली जोडीचे फोटो ठेवले, की सपाट कागदातून डोंगर उभा राही आणि हे ओरडत, "हा बघा साग! माथा कसा विस्कटलाय, नुकत्याच उठलेल्या पोरासारखा!" मला काळ्यापांढऱ्या फोटोत राखाडी ठिपके दिसत.

हीच नजर माणसांनाही लागली. निगडीतल्या आमच्या गच्चीवरून खालच्या कुणालाही ते अचूक हाक मारत, "काय राव, टक्कल सरकलं की!" तोच माणूस जिन्यात समोर आला, की "आपण कोण?" वहिनी म्हणत, "माझा भांग ह्यांना पाठ आहे. तोंड अजून बघायचंय."

एकदा कुरुळीजवळच्या देवराईतल्या एका माथ्याला त्यांनी कोशिंब ठरवलं. साहेब म्हणाले, आंबा. साहेबांचा आंबा म्हणजे सरकारी आंबा, तो कोण नाकारणार? यांनी नाकारला. "चुकलात तर भिंग जमा करा आणि आवक-जावकला बसा," साहेबांनी बजावलं. त्या रात्री शेजारी जेवले नाहीत.

चैत्रातल्या रविवारी मला ओढत एस.टी.त घातलं. त्या काळी तिकडे कंपन्या पोचल्या नव्हत्या, नुसता माळ. वाटभर एकच घोष, "गोल, दाट, गडद माथा!" देवराईत नेमक्या त्या जागी एक झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लालभडक उभं होतं.

यांचा चेहरा पडला. "असलं झाड मी जन्मात पाहिलं नाही. गेलं माझं भिंग."

शेळ्या राखणारा एक म्हातारा हसत आला. "काय सायब, काय हरावलं?"

"कोशिंब."

"मंग ह्यो काय हाय? चैतात नवी पालवी आली की असाच पेटतो. पुढं व्हतो हिरवा."

फोटो हिवाळ्यातले होते. शेजाऱ्यांनी म्हाताऱ्याला मिठी मारली, मला मारली, एक शेळी थोडक्यात बचावली. "साहेबांचा आंबा नासला!" अशी आरोळीही ठोकली.

मग एक कोवळं पान तोडून उन्हात धरलं.

"इतकी वर्षं ह्याला राखाडीच समजत होतो हो."

परतीची गाडी फाट्यावर भोंगा देत होती. मी हाक मारली. पानावरची नजर न काढता ते म्हणाले, "ही जाऊ द्या, राव. दुसरी असेल की."