दारातली बाभळ

बाबांचा मोजा करंगळीपाशी ओला दिसला. मोजा काढला तर करंगळी काळीनिळी, वर घाण वास. "काटा मोडलाय. चार दिवस झाले. दुखत नाहीये गं," ते म्हणाले. दुखणार कसं? डायबेटिसनं पावलांची जाणीवच गेलेली!

काटा कुठला, ते विचारायलाच नको. गुडगावातल्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटपुढे चिमुकली बाग आहे. तिथे गेल्या वर्षी मी ऑस्ट्रेलियातलं एक झुडूप लावलं होतं. बाभळीच्याच कुळातलं, पिवळ्या गोंड्यांचं, सुयांसारख्या काट्यांचं. "दारात बाभळ लावतं का कुणी? उपट ती," बाबा म्हणाले, म्हणून तर मी हट्टानं ठेवलं. वर्षभर त्यावरून आमची धुसफूस.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "उँगली तो जाएगी. पैर बचेगा या नहीं, खोलने पर पता चलेगा."

ऑपरेशन दुपारी होतं. कपडे आणि जुनी फाइल आणायला मी घरी आले. फाटकातच ते झुडूप, नखशिखांत फुललेलं. माझं डोकं फिरलं. कुदळ घेतली आणि मुळासकट उपटलं. "मेल्या, माझ्या बापाचा पाय खातोस?" मी ओरडले. शेजारीण बाल्कनीतून बघतच राहिली. हात ओरबाडून निघाले, पण कचऱ्याच्या गाडीत ते कोंबल्याशिवाय मी थांबले नाही.

परतले तर बाबांना स्ट्रेचरवर घेतलेलं. मला राहवेना.

"चार दिवस तोंड शिवलं होतंत का? आणि त्या काट्यांत अनवाणी कशाला गेलात?"

"पूजेची फुलं चपला घालून तोडतात का?"

सकाळी सातला मी ऑफिससाठी मानेसरच्या कॅबमध्ये बसते, त्यांची पूजा त्यानंतर. देवांपुढे रोज काय वाहिलं जातं, मी कधी पाहिलंच नव्हतं.

"अहो, पण मला सांगायचं तरी!"

"तुझा स्वभाव माहीत नाही का मला? सांगितलं असतं तर झाड उपटलं असतंस."

मी दोन्ही हात ओढणीखाली घेतले. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं आणि दार बंद झालं. दोन तास मी त्या दाराकडे बघत, मनातल्या मनात देवाची आणि बाबांची माफी मागत बसले.

पाय वाचला. करंगळी गेली.

गुंगी उतरल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "झाडाला पाणी घातलंस?"

"घातलं, बाबा," मी म्हणाले.