तिला उभं राहू द्या

मस्कतजवळ अल खौदला मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या केनियन नर्सची दहा वर्षांची मुलगी माझ्याकडे येते. तिला एडीएचडी आहे. लक्ष टिकत नाही, अंग स्थिर राहत नाही, आणि यात तिचा दोष नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. इतर मुलांसारखं चटईवर बसवलं की ती चुळबुळते, शेजारच्याची पेन्सिल उचलते. म्हणून मी तिला इस्त्रीचं टेबल उघडून दिलं. त्यावर वही ठेवून, उभी राहून ती भराभर अपूर्णांक सोडवते. एवढंच लागतं तिला.

त्याच बॅचमध्ये एक मराठी मुलगा आहे. त्यालाही एडीएचडी. त्याची आई कौतुकाने सांगते, "ताई, आमच्याचं डोकंच फार फास्ट चालतं हो!"

परवा या फास्ट डोक्याने पाण्याची बाटली लाथाडली. वह्या भिजल्या. तेवढ्यात त्याची आई त्याला न्यायला आली आणि तिने बोट दाखवलं ते थेट इस्त्रीच्या टेबलाकडे.

"हिला काढा बघू बॅचमधून. एवढी घोडी झाली, काही वळण आहे का?"

"बाटली तुमच्या मुलाने सांडली. आणि ती त्याच्याहून लहान आहे."

"वाटत नाही हो तशी! त्यांच्यात असतंच हे. आपली मुलं बिघडायला नकोत."

आपली! मुलीला मराठी कळत नाही, पण बोट कळतं. तिने मुकाट्याने दप्तर भरलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी वर गेले. तिची आई ड्यूटीवर निघाली होती. "शाळेतही तिला उद्धट म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली. "अंगाने थोराड, म्हणून अक्कलही मोठ्या बाईची हवी. आज दुपारपासून हातांवर बसून सराव करतेय. नीट बसता आलं की आंटी परत घेतील, म्हणते."

माझं डोकं सणकलं. मुलगा आपला असला की ती हुशारी, आणि काळी मुलगी असली की वळण नाही! आणि ते वळण लावून घ्यायला ही पोर स्वतःचे हात दाबून बसलीय.

"यल्ला, खाली चल," मी तिला म्हटलं. "टेबल उघडंच आहे."

"नो सिटिंग?"

"अजिबात नाही."

खाली येऊन मी त्या मुलाच्या आईला फोन लावला. "ती राहणार. चालत नसेल तर तुमच्या मुलाला दुसरीकडे घाला. फक्त तिथे त्याला चुळबुळ करू देतात का, ते आधी विचारून घ्या."

मी फोन ठेवला. अपूर्णांक राहिले होते.