कुलूप उघडेपर्यंत

गल्लीत तिला ताठबाई म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही. ठेवणाऱ्याने ते तोंडावर फेकलं आणि तिने ते झेलून दागिन्यासारखं अंगावर घातलं, एवढं मात्र खरं. लहानपणीच्या तापाने तिचे दोन्ही पाय वाळून गेले होते. तेव्हापासून ती कॅलिपरवर उभी होती. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या, मांडीभोवती चामड्याचा रुंद पट्टा आणि गुडघ्याशी एक लोखंडी कडं. पाय सरळ केला की ते कडं खाली घसरून खट्कन बसायचं आणि गुडघा पक्का व्हायचा. बसायचं झालं की बोटांनी ते वर ओढायचं. तिच्या येण्याची वर्दी त्या खट् आवाजाने आधी लागायची.

गल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणाचं दुकान होतं. मशीन हाताने फिरवायचं. डाव्या हाताने कापड, उजव्या हाताने चाक. पण शिलाई अशी की उलटी बाजू कोणती नि सुलटी कोणती ते तिने सांगावं तेव्हा कळावं. गिऱ्हाइकाला ती कधी बसल्या जागेवरून मापं सांगायला लावत नसे. स्वतः उभी राहायची, खट् खट् करत त्याच्याभोवती फिरायची आणि टेप लावायची.

लग्न उशिरा झालं. नवरा बेकरीत भट्टीवर होता. मितभाषी, भुवयांवर कायम मैद्याची पांढरी साय. त्याच्यात एकच खोट होती. त्याला दारात बसवलेलं खटक्याचं कुलूप बाहेरून उघडता येत नसे. तिने किल्ली फिरवली की एका वळणात उघडायचं. तो दुपारी कामावरून आला की किल्ली खुळखुळवायचा, उलटी घालायचा, काढायचा, खोकायचा, पुन्हा घालायचा. ती सगळ्या गल्लीला सांगायची, "आमचे कुलूपबहाद्दर! भट्टीतून शंभर पाव न करपता काढतील, पण घरात शिरायला पाव तास."

तो नुसता हसायचा.

तिला मात्र तो वेळ हवाच असायचा. दुपारी एकटी असली की ती कॅलिपर काढून ठेवायची. पट्ट्याखाली घाम साचून कातडी सोलवटायची, तिला वारा लागायला हवा. मग ती जमिनीवरून, हातांवर भार देऊन, सरपटत घरभर फिरायची. पाणी घ्यायची, केर काढायची. तिला ते छान जमायचं, लहानपणभर तीच तिची चाल होती. आणि म्हणूनच तिला त्याची लाज वाटायची. नवऱ्याने आपल्याला उभीच पाहावं, हा तिचा हट्ट होता. किल्ली वाजली की ती झटकन खाटेवर चढायची, पायांवर चादर ओढायची आणि शांतपणे म्हणायची, "उघडलं का एकदाचं?"

मग तिला दिवस गेले.

आनंद झाला, नाही असं नाही. पण पोट दिसू लागलं तसं तिच्या लक्षात आलं की लोकांची नजर पोटावरून पायांवर उतरते, पायांवरून नवऱ्यावर जाते आणि मग खाली वळते. कोणी काही बोलत नसे. भाजीवालीने तेवढं विचारलं, "अगं, जमेल का गं तुला?" काय जमेल ते तिने सांगितलं नाही. ताठबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मूल पोटात आहे ही गोष्ट तिला चोरून काही केल्यासारखी वाटू लागली.

पाय सुजू लागले. मांडीचा पट्टा काचायला लागला, संध्याकाळी उकलला की कातडीवर लाल वळ. सरळ रस्ता म्हणजे कॅलिपरवाल्या काकांच्या कारखान्यात जाणं. पण काका तिला ती एवढीशी असल्यापासून ओळखत होते. दर वेळी नवीन जोड करताना ते चिडवायचे, "लग्नात मिरवायला चकचकीत करू का गं?" आणि ती फणकारायची, "मला कसलं लग्न नि कसलं काय!" आता हे पोट घेऊन त्यांच्यासमोर साडी मांडीपर्यंत वर करून उभं राहायचं? तिने ते उद्यावर ढकललं, मग परवावर.

शेवटी तिने शिंपिणीला सुचेल तेच केलं. पोटुशा बायकांच्या कपड्यांना ती कुशीत इलॅस्टिकचा तुकडा घालायची, पोटासोबत कपडा वाढायचा. तिने मांडीचा पट्टा मधोमध कापला, जाड सुईने त्यात रुंद इलॅस्टिक शिवलं. दुहेरी टाका, कडा दुमडून. पट्टा सुटसुटीत झाला. ती स्वतःवर खूश झाली.

त्या दिवशी सकाळी शाळेतल्या बाई ब्लाउज घालून बघायला आल्या होत्या. ताठबाई उठली, पाय सरळ केला. कडं बसल्याचा आवाज नीट आला नाही. वाकून बघावं तर पोट आड. बसलं असेल म्हणून तिने पाऊल टाकलं. सैल पट्ट्यात मांडी पुढे सरकली, गुडघा मुडपला, आणि ती कुशीवर धाडकन आपटली.

"अगं बाई! लागलं का? पोटाला लागलं का?" बाई खालीच बसल्या.

"काही नाही झालं. कोणाला सांगू नका."

"अहो, पण दवाखान्यात..."

"बाई, हात वर करा. बाही बघायची राहिली."

आणि जमिनीवर बसूनच तिने बाहीला टाचण्या लावल्या. एकही टाचणी वाकडी गेली नाही.

बाळ हललं नाही. एरवी दुपारी ते पोटात लाथा झाडायचं. ती घरी आली, कुशीवर झाली, थांबली. नवरा आला, किल्लीशी झटला, आत आला, जेवला. "बरी आहेस ना?" म्हणाला. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" पोटात सगळं गप्प होतं. सांगितलं की पट्टा दाखवावा लागणार, पट्टा दाखवला की तो का कापला ते सांगावं लागणार. तेवढ्यासाठी ती दिवस कलेपर्यंत तोंड शिवून बसली. बाळापेक्षा आपल्याला आपली लाज जड झाली, हे तिला कळत होतं, आणि कळून तिला आणखी मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

दिवा लावायला तो उठला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी सकाळी पडले."

तो तसाच चपला घालायला वळला.

दवाखान्यातल्या नर्सने पोटावर यंत्र फिरवलं. खूप वेळ नुसती खरखर. ताठबाईने डोळे मिटून घेतले. मग त्या खरखरीतून घोड्याच्या दुडक्या चालीसारखा ठोका बाहेर आला.

"बाळ ठणठणीत आहे," नर्स म्हणाली. "पडलीस कधी?"

"सकाळी."

"आणि येतेस आत्ता?"

ताठबाईने नजर वळवली. नवऱ्याने तो शिवलेला पट्टा हातात घेतला होता आणि इलॅस्टिक ताणून बघत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकांनीही तो पट्टा उजेडात धरला. "टाका मात्र सुरेख घातलायस. अगं पोरी, हा काय परकर आहे का? ह्याने आवळून धरलं तरच तू उभी." मग त्यांची नजर पोटावर गेली. तिने मान खाली घातली. काका म्हणाले, "चकचकीत करू का?" आणि तिचं उत्तर यायच्या आत माप घ्यायला बसले. कड्याला दोरी लावून देतो म्हणाले, म्हणजे वाकायला नको, वरूनच ओढायचं. "पण जोड ठेवून जा. नवीन पट्टे होईपर्यंत हे पायात घालायचं नाही."

नवऱ्याने तिला उचलून रिक्षात ठेवलं, घराशी उचलून आत नेलं. सगळी गल्ली बघत होती. तिने त्याच्या खांद्यात तोंड लपवलं. खांद्याला पावाचा वास होता.

मग तो कामावर गेला आणि ती कॅलिपरवाचून घरात राहिली. दुपारी तहान लागली. ती खाटेवरून उतरली, हातांवर भार देत सरकू लागली. पोट मध्ये येत होतं. माठापाशी पोहोचली, पाणी प्यायली, परत फिरली आणि खोलीच्या मधोमध असताना किल्ली वाजली.

ती झपाट्याने खाटेशी सरकली. दोन्ही हात काठावर टेकले, जोर लावला, पण अंग उचललं जाईना. पुन्हा जोर केला. पोट काठाला लागलं, तशी ती घाबरून खाली बसली. बाहेर किल्ली खुळखुळत होती. आत गेली, बाहेर आली. तो खोकला. थांबला. पुन्हा खुळखुळली. आज नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

मग दाराला तोंड लावल्यासारखा त्याचा हलका आवाज आला. "झालं का तुझं?"

ती होती तिथेच राहिली. इतकी वर्षं, इतक्या दुपारी, तो रणरणत्या उन्हात दाराबाहेर उभा राहून तिच्यासाठी खोटी झटापट करत होता. आणि ती गल्लीला गोळा करून त्याच्यावर हसत होती, कुलूपबहाद्दर म्हणून. पायांची लाज तिला जन्माची सवयीची होती. ही नवी होती, आणि तिच्यावर ओढायला चादर नव्हती.

"नाही झालं," ती म्हणाली. "आता नाही होत. तुम्ही या आत."

कुलूप एका वळणात उघडलं.

तो आत आला. ती जमिनीवर, केस सुटलेले, तळहातांना धूळ, पाय एका बाजूला पडलेले. तिला वर बघवेना. त्याने पावाची पिशवी खुंटीला अडकवली, खाटेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"जरा सरक," तो म्हणाला. "मलाही टेकू दे. पाय मोडून आलेत."

तो शेजारी जमिनीवर बसला. तिने पदराने हात पुसले आणि त्याच्या भुवयांवरचा मैदा झटकला.