समेवरचा हात

लडकू भोईर मोबाइलला ‘बंद डबी’ म्हणायचा. निजामपुऱ्यातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं जॉबर होता. बिघडलेला लूम उघडायचा, नीट करायचा आणि चालू करून द्यायचा, हे त्याचं काम. ज्या वस्तूला बाहेरून स्क्रू दिसत नाही, तिच्यावर त्याचा विश्वासच बसत नसे. “आत बिघडलं का फेकून द्यायचं, ते यंत्र कसलं?” असं तो सगळ्यांना ऐकवायचा.

त्याचा जीव खरा अडकला होता पखवाजात. खारबावजवळच्या त्याच्या गावात भजनी मंडळ होतं आणि चोवीस वर्षं पखवाज त्याच्याच मांडीवर होता. शुक्रवारी लूम बंद. जेवण झालं की तो कणीक मळून घेऊन देवळात जायचा, पखवाजाच्या डाव्या कातडी पुडीला लावायचा आणि बाकीचे येईपर्यंत एकटाच वाजवत बसायचा.

कानाचं लक्षात आलं ते त्याच्या मुलीच्या, हेमालीच्या. ती काल्हेरच्या गोडाऊनमध्ये कामाला होती. मागून हाक मारली तर बाबा वळत नाहीत आणि बोलताना सारखे आपल्या ओठांकडे बघतात, हे तिला दिसत होतं. बळेबळेच तिनं त्याला तपासणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, लूमच्या आवाजानं हळूहळू गेलंय, आणि बारीक आवाज आधी गेलेत. मग हेमालीनं कानात घालायची दोन यंत्रं आणली. शेंगदाण्याएवढी होती, मोबाइलला जोडलेली.

“मी काय बहिरा हाय?” लडकू भडकला.

“बाबा, लोक दिवसभर कानात घालून गाणी ऐकतात. कुणाला कळणार पण नाही.”

“मना कळंल ना!”

यंत्रं कपाटात गेली. दीड महिना बापलेकीत कामापुरतंच बोलणं होतं.

तालुक्याची भजनस्पर्धा नऊ दिवसांवर आली, तेव्हा मंडळाचा गायक प्रितम तालमीला एक नवी पेटी घेऊन आला. बटण दाबलं की तिच्यातून सूर निघायचा, तालही वाजायचा.

“सरावापुरती लावू या, लडकूकाका,” तो म्हणाला. “लय पक्की होईल.”

“कोणाची लय?” लडकूनं विचारलं.

प्रितम पेटीच्या बटणाशी चाळा करू लागला. झांज वाजवणारा दामू खाली बघू लागला. दामू लडकूचा शाळेपासूनचा सोबती.

“सांग ना. माझा हात चुकतो का?”

“तसं नाही काका...”

“मग उचल ती पेटी.”

पेटी बाजूला झाली आणि तालीम सुरू झाली, पण लडकूच्या डोक्यातून ते जाईना. तिसरा अभंग संपताच त्यानं पखवाज भिंतीला टेकवला आणि घरी पाहुणे येणार असल्याचं सांगून निघून गेला. पाहुणे कोणीच येणार नव्हते. संध्याकाळी प्रितमनं तालमीचं रेकॉर्डिंग मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं होतं, सगळ्यांनी ऐका.

सोमवारी सकाळी घरात कोणी नव्हतं. हेमाली कामावर, बायको बाजारात. लडकूनं रेकॉर्डिंग लावलं. प्रितमला तोंडावर पाडायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण मोबाइलमधून त्याला फक्त डाव्या हाताची घुमारी कळत होती, बाकी सगळी गिचमीड. त्यानं आवाज शेवटपर्यंत वाढवला, फोन कानाला चिकटवला. काही उपयोग नाही. त्यानं फोन खाली ठेवला. मग उठून त्यानं कपाट उघडलं.

यंत्रं कानात बसली तसा तो दचकलाच. पंख्याची किरकिर, नळाचं ठिबकणं, आपल्याच सदऱ्याची सळसळ, सगळं एकदम अंगावर आलं. त्यानं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

प्रितमचा आवाज स्वच्छ ऐकू आला. झांजही आली. लख्ख, धारदार. आपण किती वर्षांत झांज ऐकलीच नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं. झांज समेवर पडत होती आणि त्याची थाप तिच्यामागून येत होती. एकदा नाही, दर आवर्तनाला. उजवी पुडी तर प्रितमच्या सुरापासून कुठल्या कुठे उतरलेली. मध्येच प्रितम शब्द लांबवत होता, थांबत होता, पखवाजाला वाट देत होता.

लडकूचं बोट बंद करायच्या बटणावर गेलं. तरी त्यानं ते बंद केलं नाही.

तिसरा अभंग संपला. पखवाज भिंतीला टेकल्याचा आवाज आला, मग पावलं. प्रितम फोन बंद करायला विसरला होता.

“आता त्यांना सांगायचं कोणी?” प्रितमचा आवाज.

“मी न्हाय सांगणार,” हा दामू. “मी समेला हात वर उचलतो, तो बघून तरी सावरतो बिचारा.”

“स्पर्धेला पखवाजावर आपल्या वायरमन पंढरीला बसवू या का?”

“लडक्या मरंल रे असं केलं तर.”

लडकूनं रेकॉर्डिंग मागं नेऊन तो ‘बिचारा’ शब्द पुन्हा ऐकला. दामू समेला झांज कपाळापर्यंत नेतो, ती त्याची ऐट आहे असंच तो इतकी वर्षं समजत होता. दुसऱ्या गावच्या लोकांना त्यानं ते कौतुकानं सांगितलंही होतं.

त्या दिवशी ड्युटीवर एका मागाचा धागा नेणारा धोटा अडकला, तर नेहमीप्रमाणे त्यानं सांगाड्यावर तळहात ठेवून धक्का कुठे बसतोय ते चाचपलं. आणि तसाच उभा राहिला. हे आपण कधीपासून करतोय? पूर्वी तर दारातून आत येतानाच आवाजावरून कळायचं.

घरी हेमालीला कपाटातली यंत्रांची डबी हललेली दिसली. “बाबा, घातलंत?”

“घातलं.”

“मग?”

“सगळं ऐकू आलं,” तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

शुक्रवारी तो देवळात सगळ्यांत शेवटी पोचला. कानात यंत्रं होती. प्रितमनं ती बघितली आणि नजर वळवली. लडकू पखवाज घेऊन बसला.

“प्रितम, तू रेकॉर्डिंग बंद करायला विसरलास.”

प्रितमचा चेहरा उतरला. “काका, आम्ही...”

“दामू, किती वर्षं हात वर करतोस?”

दामूनं झांजेची दोरी बोटाला गुंडाळली. “चार झाली असतील.”

“चार वर्षं. आणि मना एका शब्दानं बोलला न्हायस!”

“कसं बोलू? तू पखवाज सोडला असतास.”

“सोडला असता तर माझा मी सोडला असता! तुमच्या दयेवर वाजवत तरी बसलो नसतो!” लडकूचा आवाज चढला आणि कानातल्या यंत्रातून त्याचा त्यालाच टोचला. तो थांबला. “लाव ती पेटी. सुरू कर.”

पेटी सुरू झाली. झांज पडली तशी ती त्याच्या कानात सुईसारखी घुसली. दोन आवर्तनं त्यानं दात आवळून काढली. तिसऱ्यात हात कुठे आहे आणि ताल कुठे, काहीच कळेना. चार वर्षं डोळ्यांनी वाजवलेलं आता कानांनी वाजवायचं होतं आणि कान नवखे होते. त्यानं पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. पाचव्यांदा सुटल्यावर त्यानं दोन्ही हात पुड्यांवर दाबून ठेवले.

स्पर्धा रविवारी होती. मध्ये एकच दिवस.

“पंढरी,” त्यानं मागं बसलेल्या पोरसवदा वायरमनला हाक मारली, “ये पुढं. तू बस.”

“काका, मी नाही...”

“बस म्हणतो ना.” लडकूनं उठून पखवाज त्याच्या मांडीवर दिला.

रविवारी तो शेवटच्या रांगेत टाळ्यांचा ठेका धरायला बसला. शेजारच्या गावचे काळूराम बुवा मोठ्यानं म्हणाले, “काय लडकू, आज पखवाजावर न्हाय?” दामू काहीतरी सांगायला पुढं सरकला, पण लडकूनंच उत्तर दिलं.

“मना ऐकू कमी येतं, बुवा. लूमनं कान खाल्ले.”

आजवर हे वाक्य त्यानं घरातसुद्धा उच्चारलं नव्हतं. बुवांनी नुसती मान हलवली. मंडळाचा नंबर आला नाही, पण पंढरीचा हात एकदाही अडखळला नाही. ते ऐकताना लडकूला बरं वाटलं आणि तेवढाच त्रासही झाला.

नंतर त्यानं प्रितमकडून तालाची पेटी मागून घेतली. रोज ड्युटीवरून आला की दार लावून तो अर्धा तास तिच्याबरोबर बसायचा. यंत्रातली झांज टोचायची कमी व्हायला महिना लागला, उजवी पुडी सुरात लावता यायला दोन. तो पेटीला शिव्या द्यायचा आणि पुन्हा बटण दाबायचा. साडेतीन महिन्यांनी एका एकादशीला पंढरी आपणहून उठला आणि लडकूनं दोन अभंग वाजवले. दुसऱ्यात एकदा चुकला.

“चुकलास,” दामू लगेच म्हणाला.

“ऐकलं मी,” लडकू म्हणाला, आणि तिसरा अभंग धरायला त्यानं प्रितमला खूण केली.