त्रिनिदादची अळूवडी आणि आप्पांचं तिकीट

"त्रिनिदादला? तिकडे कोण आहे तुमचं?" नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही राहायचो त्या यूएईतल्या फुजैरात प्रत्येक ओळखीच्याने आम्हाला हे विचारलं. तिकडे इंद्रा होती. फुजैरातली आमची जुनी शेजारीण. तिचा नवरा आणि माझा नवरा मिलिंद बंदरावरच्या एकाच ऑइल टर्मिनलवर कामाला होते. इंद्राचे पणजोबा बिहारमधून बोटीने त्या कॅरिबियन बेटावर उसाच्या मळ्यात राबायला गेले, त्यामुळे नाव इंद्रा आणि हिंदीचा गंध नाही. कायमची परत जाताना ती म्हणाली होती, "एकदा या आणि माझ्या गावात जेवा."

पण खरं कारण होतं आप्पा, माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याहून फुजैराला आणलं. एकेकाळी पट्टीचे खवय्ये. दर शनिवारी आईंना घेऊन कुठे ना कुठे खायला जाणारच. आता मात्र बाहेर जेवायचं नाव काढलं की "तुम्ही जाऊन या" म्हणायचे, मेतकूट-भात खायचे आणि लवकर आडवे व्हायचे. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "माझं पुण्याचं तिकीट काढा. तिथे मी एकटा बरा." एकटा बरा म्हणजे बंद खिडक्यांचा फ्लॅट, कुणाचा तरी डबा आणि दिवसभर टीव्ही, हे आम्हाला दिसत होतं. माझा तर जीव तुटत होता. मिलिंदने तह केला, आधी आमच्याबरोबर त्रिनिदाद, मग पुण्याचं तिकीट. आप्पा तयार झाले, पण प्रेशर कुकर बरोबर घ्यायच्या अटीवर.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी वाट सांगते. फुजैराहून मसाफीच्या डोंगरातून दुबई, दुबईहून लंडन आणि तिथून त्याहूनही लांब अटलांटिकवरून. व्हिसाची तयारी फार आधी सुरू करा. तिकिटांचा दिरहॅममधला आकडा मिलिंदने सांगितला, आप्पांनी तो बाराने गुणून रुपयांत मोठ्याने म्हटला.

तिथल्या विमानतळावर कस्टमच्या बाईंनी कुकर बाहेर काढला, झाकण उघडून आत पाहिलं. आत तांदूळ आणि मेतकुटाचा डबा. "त्रिनिदादमध्ये भात मिळत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. मेतकूट हुंगल्यावर त्यांना तीन शिंका आल्या आणि त्यांनी आम्हाला सोडून दिलं.

गाडी भाड्याने घेतली. तिथे आपल्या देशासारखं डावीकडून चालवतात आणि मिलिंदला गल्फची सवय, त्यामुळे प्रत्येक वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर चालू. लख्ख उन्हात वायपर फिरवत आम्ही निघालो. आम्हाला घ्यायला आलेली इंद्रा शेजारी बसून "लेफ्ट, लेफ्ट" करत होती आणि मागे मी आणि आमची नऊ वर्षांची रेवा हसून लोळत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इतकं हिरवं, इतकं हिरवं की डोळ्यांना खरं वाटेना. जन्मापासून फुजैराचे बोडके डोंगर पाहिलेल्या रेवाने गंभीरपणे विचारलं, "हू वॉटर्स ऑल धिस? व्हेअर आर द पाइप्स?" प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाण्याची काळी नळी असते अशी तिची समजूत. पाऊस घालतो पाणी, हे तिला पटायला दोन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबल्स खाल्ले. हळद घातलेल्या दोन मऊ पुऱ्या, मध्ये छोल्यांचा रस्सा, वर कैरीच्या किसाचं लोणचं आणि तिखटाची चटणी. गाडीवाला फक्त "किती तिखट?" एवढंच विचारतो. उभ्याने, कागदात, बोटं चाटत खायचं. एकाला जेमतेम सव्वा दिरहॅम, म्हणजे पंधरा रुपये. सकाळी लवकर जा, नंतर संपतात. मी तीन खाल्ले. आप्पा सगळ्यांच्या पिशव्या धरून झाडाखाली उभे राहिले आणि इंद्राच्या घरी येऊन त्यांनी कुकर लावला. मिलिंद माझ्याकडे बघून म्हणाला, "खलास. हे पुण्याला जाणार."

तिसऱ्या दिवशी दुपारी इंद्रा आम्हाला एका रोटीच्या दुकानात घेऊन गेली. ती आणि मिलिंद गाडी लावायला गेले, तेवढ्यात घोटाळा झाला. काचेमागे डॉली नावाची मालकीण मोठ्या तव्यावर पोळ्या भाजत होती, आणि पोळीच्या फाटल्या कडेतून पिवळं डाळीचं सारण डोकावत होतं. आप्पा काचेला नाक लावून उभे राहिले.

"पुरणपोळी," ते म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांच्या आवाजात असं काही ऐकलं नव्हतं.

त्यांनी स्वतः हिंदीत एक मागितली. डॉलीला ते कळेना. मग त्यांनी बोट दाखवलं आणि इंग्रजीत वर दूध आणि तूप मागितलं. डॉलीने जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून पेलाभर दूध आणि लोण्याचा गोळा आणून ठेवला. आप्पांनी अस्सल पुणेरी पद्धतीने पोळी दुधात कुस्करली, वर लोणी घातलं आणि मोठा घास घेतला. लसूण, जिरं, मिरची आणि मीठ. त्यांचे डोळे मोठे झाले.

"ग्रँडपा, इज इट नॉट स्वीट?" रेवाने विचारलं.

आप्पांनी घास गिळला आणि हसायला लागले. खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अख्खं दुकान हसलं. डॉलीने दुधाचा पेला उचलून नेला आणि एक बशी आणून ठेवली. "आजा, तुम्ही हे खा," ती म्हणाली. तिकडे आजोबांना आजाच म्हणतात, असे शब्द बोटीतून तसेच आलेत. बशीत गुंडाळून, कापून, तळलेल्या हिरव्या वड्या होत्या. अळूची पानं, डाळीचं पीठ. तिकडे त्यांना सहीना म्हणतात. आमच्या लेखी ही अळूवडीच होती.

आप्पांनी एक तोंडात टाकली, सावकाश चावली आणि म्हणाले, "चिंच कमी आहे."

गाडी लावून आलेला मिलिंद दारातच थांबला. हे वाक्य आम्ही दोघांनी शेकडो वेळा ऐकलं होतं. आई अळूवडी तळायच्या, आप्पा हेच म्हणायचे, आई म्हणायच्या "मग तुम्हीच करा" आणि आप्पा सगळ्या संपवायचे. मला रडूच आलं. मी ते इंद्राला भाषांतर करून सांगितलं, तिने डॉलीला. डॉलीने काउंटरखालून चिंचेच्या सॉसची बाटली काढून आप्पांपुढे आपटली. "आम्ही वरून घालतो, आजा. पाहिजे तेवढी घाला."

आप्पांनी दोन बशा संपवल्या.

पुढचे दिवस म्हणजे नुसता धुमाकूळ. आता आप्पाच सकाळी आम्हाला उठवायचे, "यल्ला, चला, डबल्स संपतील." गाडीवाल्याला सांगायचे, "हेवी," म्हणजे भरपूर तिखट. भाजलेल्या वांग्याच्या चोख्याला त्यांनी भरीत म्हणून मान्यता दिली, टोमॅटोच्या चोख्याला दिली नाही. समुद्रावर आम्ही तळलेल्या माशाचा पाव खाल्ला आणि शाकाहारी आप्पांनी त्यातला पाव चटणीशी खाल्ला. डॉलीकडे तर रोज हजेरी. रेवा त्यांना आजा म्हणायला लागली. निघताना कुकर आप्पांनी इंद्राला देऊन टाकला, आतल्या तांदळासकट.

परत येताना दुबईहून मसाफीमार्गे फुजैरात शिरलो. बोडके डोंगर पाहून रेवा म्हणाली, "दे फरगॉट द रेन." मी मनात हिशेब करत होते. चटण्यांच्या सहा बाटल्या, उन्हाने सोललेलं माझं नाक, आणि उद्यापासून पुन्हा मेतकूट-भात. सगळ्या प्रवासात तिकिटाचा विषय कुणी काढला नव्हता, मीही भीतीने काढला नव्हता.

घराजवळच्या कॅफेटेरियासमोर मिलिंदने सवयीने गाडी हळू केली. तिथे बाहेरूनच हॉर्न वाजवायचा, मग वेटर गाडीपाशी येतो. मिलिंदने कधीतरी चहा घ्यायचा तो तिथेच, आप्पा खिडकीची काच वर ठेवून बसायचे. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या सीटवरून हात लांब केला आणि हॉर्न दाबला.

"आजा, अगेन," रेवा मागून म्हणाली. त्यांनी पुन्हा दाबला.

वेटर आला. "भैया, चार फलाफल सँडविच. तीखा ज्यादा," आप्पांनी सांगितलं.

तेव्हा मिलिंदने धीर करून विचारलं, "आप्पा, तुमचं पुण्याचं तिकीट... उद्या एजंटकडे जाऊ या का?"

"जाऊ या," आप्पा म्हणाले. "पण जायचं-यायचं काढ. आपल्या बिल्डिंगच्या मागच्या अंगणातले अळूचे कांदे घेऊन येतो. तुमच्या बाल्कनीला ऊन चांगलं आहे, कुंडीत येईल. चिंच इथे मिळते, मी बघून ठेवलीय."